पंडिता रमाबाई : कानांनी साथ सोडली तेव्हा



थोर मराठी माणसांच्या ओळखीच्या या सदरात यावेळी आम्ही पंडिता रमाबाईंचे चरित्र सांगणार आहोत. नाव सर्वांच्या परिचयाचे आहे. शारदा सदन, केडगावचे मुक्ती मिशन, धर्मांतराचा वाद, एवढे बहुतेकांना आठवते. पण त्यांच्या आयुष्यातली एक मोठी गोष्ट आपल्याकडे क्वचितच कोणी सांगते. रमाबाईंना ऐकू कमी येत असे आणि पुढे ते आणखी कमी होत गेले. डॉक्टर व्हायचे म्हणून त्या तान्हेपण नुकतेच सरलेल्या मुलीला घेऊन समुद्रापार गेल्या, आणि कानांमुळे ते शिक्षण त्यांच्या हातून निसटले.

ही बाजू आम्ही मुद्दाम निवडली आहे. लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या भागांत राहणाऱ्या आपल्या मंडळींमध्ये खानदेशातून येऊन लूमवर आयुष्य काढलेले अनेक जण आहेत. त्यांच्या घरी टीव्हीचा आवाज एवढा मोठा का असतो, ते आपल्याला ठाऊक आहे. हाक मारली तरी मागे न वळणारे दोन-अडीच वर्षांचे मूल उशिरा बोलेल, त्याचे काकाही उशिराच बोलायला लागले होते, असे म्हणत वाट पाहणारी घरेही आपल्यात आहेत. चष्मा लावताना कोणी लाजत नाही, पण कानाला यंत्र लावायचे म्हटले की माणूस तोंड फिरवतो. म्हणून रमाबाईंचे आयुष्य या बाजूने पुन्हा एकदा पाहावे असे आम्हाला वाटले.

कानांनी मिळालेली विद्या

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातल्या गंगामूळ या रानातल्या ठिकाणी झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे गाढे विद्वान. तरुणपणी पुण्यात शिकत असताना पेशव्यांच्या घरातील स्त्रीला त्यांचे गुरू संस्कृत शिकवतात हे त्यांनी पाहिले होते. बायकांनाही ही विद्या येऊ शकते, हे त्यांच्या मनाने तेव्हाच घेतले. पुढे त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवायला घेतले. त्यावरून समाजात गवगवा झाला, उडुपीच्या पंडितांपुढे त्यांना शास्त्राधार देऊन आपली बाजू मांडावी लागली. अखेर गावापासून दूर, जंगलात त्यांनी आश्रमासारखे घर बांधले. तिथेच रमाबाई जन्मल्या.

मूल सहा महिन्यांचे असतानाच हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. रमाबाईंना वेताच्या पेटाऱ्यात घालून, तो पेटारा डोक्यावर घेऊन नेले गेले. त्यानंतर एका जागी घर असे कधी झालेच नाही. देवळात किंवा नदीकाठी बसून पुराण सांगायचे, ऐकायला आलेले लोक धान्य, पैसा, वस्त्र देतील त्यावर राहायचे, असा पुराणिकांचा संसार होता.

वडील थकले होते, त्यामुळे रमाबाईंना शिकवले ते आईने. दिवसभर कामाचा रगाडा, म्हणून लक्ष्मीबाई पहाटे, उजाडायच्या आधी, मुलीला मांडीवर घेऊन जागे करीत आणि श्लोक म्हणून घेत. पाटी-पुस्तकाचा फारसा प्रश्नच नव्हता. आई म्हणायची, मुलगी ऐकायची आणि मागून म्हणायची. अशा रीतीने भागवताचे अठरा हजार श्लोक त्यांना लहान वयातच पाठ झाले होते. व्याकरण आणि कोशही याच वाटेने आले.

हे आम्ही जरा सविस्तर सांगत आहोत, कारण पुढच्या गोष्टीचे मर्म इथे आहे. रमाबाईंची सगळी पहिली विद्या कानांनी आलेली होती. त्या कानांवरच पुढे घाला आला.

दुष्काळ आणि पायपीट

दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा या कुटुंबाजवळचे होते नव्हते ते संपले. आपण मजुरी करणारे नव्हे, भीक मागणारेही नव्हे, या अभिमानापायी त्यांनी उपास काढले, झाडपाला खाल्ला. म्हाताऱ्या वडिलांनी जलसमाधी घ्यायचे ठरवले. तेव्हा भाऊ श्रीनिवास मजुरी करायला तयार झाला आणि तो विचार मागे पडला. पण उपासमारीने झिजलेले शरीर टिकले नाही. १८७४ साली वडील गेले, पाठोपाठ आई गेली, काही काळाने मोठी बहीणही गेली.

उरले ते रमाबाई आणि श्रीनिवास. दोघांनी पायी, अनवाणी, चार हजार मैलांहून जास्त हिंदुस्थान पालथा घातला. थंडीत पांघरूण नव्हते. झेलम नदीच्या काठी वाळूत खड्डे करून, अंगावर वाळू ओढून घेऊन ही भावंडे झोपली होती. १८७८ साली दोघे कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. स्त्रीशिक्षणावर तिची व्याख्याने होऊ लागली.

१८८० मध्ये श्रीनिवासही गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. संसार जेमतेम दीड वर्षाचा झाला. १८८१ च्या एप्रिलमध्ये मुलगी मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पती कॉलऱ्याने वारले. तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या.

डॉक्टर व्हायचे होते

मुलीला घेऊन त्या १८८२ मध्ये पुण्याला आल्या. रानडे, भांडारकर अशा सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. रमाबाईंनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले. त्याच वर्षी सरकारने नेमलेले हंटर शिक्षण कमिशन पुण्यात आले असता त्यांनी त्यापुढे साक्ष दिली. मुलींसाठी शिक्षिका हव्यात हे त्यांनी सांगितलेच, पण बायकांसाठी बाई डॉक्टर हव्यात याचा फार आग्रह धरला. पुरुष डॉक्टरांना दाखवायचे नाही म्हणून हजारो बायका घरात कुढत मरतात, हे त्यांनी फिरताना डोळ्यांनी पाहिले होते. पुढे १८८५ मध्ये हिंदुस्थानातल्या स्त्रियांना वैद्यकीय मदत मिळावी म्हणून लेडी डफरिन यांच्या नावाने निधी उभा राहिला, त्यामागे या साक्षीचाही वाटा मानला जातो.

दुसऱ्यांना सांगून त्या थांबल्या नाहीत. आपणच डॉक्टर व्हायचे, असे त्यांनी ठरवले. पुस्तकाच्या विक्रीतून वाटखर्च उभा केला आणि १८८३ मध्ये मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला निघाल्या. वाँटेज या गावी सेंट मेरी संघाच्या जोगिणींकडे त्यांची राहण्याची सोय झाली. या संघाचे पुण्यातही काम होते, त्यातून ही ओळख झालेली होती. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी मुलीसह ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यावरून महाराष्ट्रात किती गदारोळ झाला, ते सर्वश्रुत आहे.

त्या गदारोळात दुसरी घटना मात्र झाकली गेली. ज्या कामासाठी एवढा प्रवास केला, ते होणार नाही हे इंग्लंडमध्ये स्पष्ट झाले. रमाबाईंना ऐकू कमी येत होते आणि ते वाढत चालले होते. डॉक्टरकीचे शिक्षण त्यांना घेता येणार नव्हते.

यात कोणाची दुष्टाई नव्हती, हेही लक्षात घ्यावे. त्या काळी छातीला नळी लावून ऐकणे हा डॉक्टरांचा अर्धा धंदा होता. १८१६ साली लाएनेक या फ्रेंच डॉक्टरांनी स्टेथोस्कोप शोधला, तेव्हापासून हृदय, फुप्फुसे, पोटातले बाळ, सगळे कानांनी तपासले जात होते. एक्स-रे नव्हता, सोनोग्राफी नव्हती. आज वाढीव आवाजाचे आणि पडद्यावर आलेख दाखवणारे स्टेथोस्कोप मिळतात, आणि कमी ऐकू येणारे डॉक्टर जगात अनेक ठिकाणी काम करतात. १८८३ मध्ये कानासाठी होती ती तुतारीसारखी नळी, बोलणाऱ्याच्या तोंडाजवळ धरायची. विजेवर चालणारे श्रवणयंत्र यायला अजून दीड दशक होते.

पंचवीस वर्षांची विधवा बाई, परका देश, पदरात मूल, हातात पैसा नाही, आणि ज्यासाठी आलो तेच दार बंद. त्या परत फिरल्या असत्या तर कोणी दोष दिला नसता.

कान नाहीत तर डोळे

रमाबाई चेल्टनहॅम लेडीज कॉलेजमध्ये गेल्या. तिथल्या प्रमुख डोरोथिया बील या इंग्लंडमधल्या मुलींच्या शिक्षणातले मोठे नाव. तिथे रमाबाई गणित, विज्ञान, इंग्रजी शिकल्या आणि संस्कृत शिकवू लागल्या. पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवायचा विषय निघाला तेव्हा बिशपांनी हरकत घेतली, आणि रमाबाईंनी त्या हरकतीला तितकेच खणखणीत उत्तर दिले. धर्म बदलला म्हणून बुद्धी गहाण टाकायला त्या तयार नव्हत्या. ख्रिस्ती धर्मातल्या त्रिमूर्तीच्या कल्पनेवर त्यांनी आपल्या गुरू-मैत्रिणींशी लांबलचक वाद घातला, तोही पत्रांतून. ही पत्रे पुढे १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने पुस्तकरूपाने छापली.

ती पत्रे पाहताना आम्हाला एक गोष्ट जाणवली. ज्या बाईची विद्या पहाटेच्या अंधारात आईच्या आवाजातून आली, ती आता कागदावर, डोळ्यांनी शिकत होती, डोळ्यांनी भांडत होती. आपला अभ्यास एका इंद्रियावरून दुसऱ्यावर हलवणे हे बोलायला सोपे आहे. वयाच्या पंचविशीत, परक्या भाषेत ते करून दाखवणे सोपे नाही.

१८८६ च्या सुरुवातीला त्या अमेरिकेला गेल्या. निमित्त होते आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाचे. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजमध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्या, तेव्हा रमाबाई तिथे हजर होत्या. एक मराठी बाई डॉक्टर झाली आणि डॉक्टर व्हायला निघालेली दुसरी मराठी बाई तिच्या कौतुकाला बसली होती. पुढल्याच वर्षी, फेब्रुवारी १८८७ मध्ये, आनंदीबाई क्षयाने गेल्या. त्यांना दवाखाना चालवायला मिळालाच नाही.

थोड्या दिवसांसाठी गेलेल्या रमाबाई अमेरिकेत जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. त्यांनी गावोगाव व्याख्याने दिली. हाय-कास्ट हिंदू वुमन हे त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये निघाले आणि हिंदुस्थानातल्या बालविधवांची स्थिती जगाला कळली. त्याच वर्षाअखेर बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि दहा वर्षे शाळा चालवण्याइतकी मदत कबूल झाली. सभेत बोलायला मोठा गळा आणि भक्कम माहिती लागते, ती त्यांच्याकडे होती. ऐकू कमी येते म्हणून बोलायचे कमी करावे, असे त्यांनी मनाला लावून घेतले नाही. आपल्याकडे कानांनी अधू झालेली माणसे हळूहळू बोलणेच सोडून देतात, कोपऱ्यात बसतात. रमाबाईंच्या आयुष्यातला हा भाग त्यांना जरूर सांगावा.

अमेरिकेत त्यांनी बालवाडीच्या फ्रोबेल पद्धतीचेही शिक्षण घेतले. मुलांच्या हातात वस्तू द्यायच्या, पाहून, मोजून, जोडून शिकू द्यायचे, अशी ती पद्धत. पाठांतराच्या शाळेत वाढलेल्या या विदुषीने हातांनी आणि डोळ्यांनी शिकवण्याची पद्धत हिंदुस्थानात आणली.

शारदा सदन ते केडगाव

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. तारीख पाहा, आनंदीबाईंच्या पदवीला त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती. पहिली विधवा विद्यार्थिनी होती गोदूबाई. पुढे १८९३ मध्ये महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा विवाह झाला आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. १८८९ च्या मुंबईतल्या काँग्रेस अधिवेशनात पहिल्यांदा स्त्री प्रतिनिधी आल्या, त्यांत रमाबाई होत्या.

सदन लवकरच पुण्याला हलले. तिथे काही मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत आहेत अशी ओरड झाली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळ सोडले, बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. या वादात कोण किती बरोबर होते यावर आजही मतभेद आहेत आणि आपल्या वाचकांतही असतील. पण निराधार बायकांना पोटाशी धरण्याचे जे काम झाले, त्याबद्दल दुमत असू नये.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून उपाशी, टाकून दिलेल्या मुली घेऊन आल्या. आपण भोगलेली उपासमार त्या विसरल्या नव्हत्या. दौंडजवळ केडगावला जमीन घेतलेली होती, तिथे १८९८ मध्ये मुक्ती सदन उभे राहिले.

आपल्या गुजरातशीही या कामाचा संबंध आहे. विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा दुष्काळ गुजरातमध्ये छप्पनियो म्हणून ओळखला जातो, आपल्या गुजराती शेजाऱ्यांच्या घरात अजून त्याच्या गोष्टी निघतात. त्या वर्षी रमाबाईंनी आपली माणसे गुजरातमध्ये पाठवली आणि शेकडो मुली केडगावला आणल्या. त्या मुलींना मराठी येत नव्हते, केडगावच्या बायकांना गुजराती येत नव्हते. तरी एकमेकींच्या आधाराने त्या राहिल्या, शिकल्या. पोटासाठी खानदेशातून, कोकणातून या शहरात आलेल्या आपल्या आजोबा-पणजोबांच्या आधी, उलट दिशेने गेलेल्या या गुजराती लेकी होत्या.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केडगावात दोन हजारांच्या आसपास माणसे राहत होती. शेती, दूधदुभते, तेलघाणा, विणकाम, शिवण, छापखाना, सारे बायका चालवीत. अडचणीत सापडलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, अपंग आणि म्हाताऱ्यांसाठी प्रीती सदन, अंध मुलींसाठी बार्तिमी सदन होते. मनोरमेने अंधांची ब्रेल लिपी शिकून घेतली होती, तिने ती इथे शिकवली. एका इंद्रियावाचून माणूस निरुपयोगी होत नाही, हे रमाबाईंना कोणी सांगायची गरज नव्हती.

अखेरचे काम

आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. उपलब्ध भाषांतर फार संस्कृत वळणाचे आहे, खेड्यातल्या बाईला ते समजत नाही, असे त्यांचे मत होते. एवढ्या मोठ्या संस्कृत पंडितेने सोप्या मराठीचा आग्रह धरावा, हे विशेष आहे. मूळ ग्रंथ नीट समजावा म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास केला. कान साथ देत नव्हते, पण ग्रंथ, कोश आणि दोन डोळे होते. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या, बांधणाऱ्या सगळ्या केडगावच्याच बायका होत्या.

१९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. ज्या मुलीला घेऊन त्या विलायतेला गेल्या होत्या, जिच्या हाती सारा कारभार सोपवायचा होता, ती आईच्या आधी गेली. तरी भाषांतराचे काम थांबले नाही. ते पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी केडगावला देह ठेवला. तिथे मुक्ती मिशनचे काम आजही चालू आहे.

आज काय करता आले असते

रमाबाईंनी बहिरेपणावर मात केली असे लिहून आम्ही थांबलो, तर ते खोटे कौतुक होईल. बहिरेपण हे वरदान नव्हते. त्यांचे एक स्वप्न त्याने कायमचे हिरावून घेतले. त्यांच्याइतकी बुद्धी आणि जिद्द सर्वांजवळ नसते, म्हणून प्रत्येकाने त्यांच्यासारखे निभावून न्यावे अशी अपेक्षाही बरोबर नाही. त्यांच्या काळी उपाय नव्हता, आज बऱ्याच जणांसाठी आहे. हा फरक आपण समजून घेतला पाहिजे.

आपल्या कानाच्या आत, हाडात, गोगलगायीच्या शंखासारखा एक भाग असतो. त्याला कॉक्लिया म्हणतात. त्यात सुमारे पंधरा हजार अगदी बारीक केसपेशी असतात. त्या आवाजाच्या कंपनाचे विजेच्या इशाऱ्यात रूपांतर करतात आणि नस तो इशारा मेंदूकडे नेते. या पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. थोड्या गेल्या असतील तर आवाज मोठा करून देणारे श्रवणयंत्र पुरते. बहुतेक सगळ्याच गेल्या असतील तर कितीही मोठा आवाज केला तरी उपयोग होत नाही. तिथे कॉक्लियर इम्प्लांट कामाला येते. कानामागे बसवलेला छोटा यंत्रभाग आवाज पकडतो, कातडीखालच्या भागाकडे पाठवतो, आणि शंखात सरकवलेली बारीक तार थेट नसेला इशारा देते.

१९५७ मध्ये पॅरिसमध्ये जूर्नो आणि एयरिये या दोघांनी बहिऱ्या माणसाच्या ऐकण्याच्या नसेला विजेने जागे करून दाखवले. मेलबर्नचे ग्रॅम क्लार्क यांनी १९७८ मध्ये अनेक वाहिन्यांचे इम्प्लांट बसवले. त्यांचे वडील औषधाचे दुकान चालवत आणि त्यांना ऐकू कमी येत असे. बापाची अडचण पाहत वाढलेल्या मुलाने हे काम हाती घेतले.

रमाबाईंसारखे, भाषा पक्की झाल्यावर ज्यांचे ऐकणे हळूहळू कमी होते, अशा मोठ्या माणसांनाही इम्प्लांटचा चांगला उपयोग होतो, कारण शब्द मेंदूत आधीच असतात. थोडे ऐकू येत असेल तर ते शस्त्रक्रियेत जाऊ नये याचीही आता काळजी घेतात. तार मऊ आणि बारीक वापरतात, अगदी सावकाश आत सरकवतात, सूज येऊ नये म्हणून स्टिरॉइड देतात. काहींना जाड आवाज श्रवणयंत्राने आणि बारीक आवाज इम्प्लांटने, असे दोन्ही मिळून ऐकवता येते. अर्थात, ऐकण्याची नसच खराब असेल तर इम्प्लांट चालत नाही, आणि काही प्रकारचे बहिरेपण साध्या शस्त्रक्रियेनेही सुधारते. कोणाला काय लागेल ते तपासणीनंतरच ठरते.

जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलांच्या बाबतीत मात्र वेळ हीच मोठी गोष्ट आहे. पहिल्या तीन वर्षांत मेंदू आवाजातून भाषा शिकतो. तो काळ गेला की इम्प्लांट बसवूनही बोलणे येणे कठीण होत जाते. बाळाच्या कानाची तपासणी जन्मानंतर काही दिवसांतच होऊ शकते, तिला दुखत-खुपत नाही. शंका आली तर बेरा नावाची तपासणी बाळ झोपलेले असताना करतात. इम्प्लांटचा खर्च लाखांत जातो, पण लहान मुलांसाठी केंद्र सरकारची एडिप योजना आहे, आणि गुजरात सरकारही शाळा आरोग्य कार्यक्रमातून मदत करते. आपल्या शहरात नवी सिव्हिल आणि स्मीमेर या दोन्ही ठिकाणी कान-नाक-घसा विभाग आहे, तिथून सुरुवात करावी.

आणखी एक सांगणे जरूर आहे. शस्त्रक्रिया म्हणजे अर्धेच काम. यंत्र चालू केल्यावर मुलाला जे ऐकू येते ते सुरुवातीला नुसता आवाज असतो. त्याचे शब्द व्हायला दोन-दोन वर्षे रोजचा सराव लागतो. घरात मराठी किंवा अहिराणी, गल्लीत हिंदी, बाजारात गुजराती, अशा आपल्या वस्तीत आईबापांना प्रश्न पडतो की बोलायचे कोणत्या भाषेत. तर जी भाषा आपल्याला सहज येते, जिच्यात आपण हसतो-रागावतो, तिच्यातच मुलाशी भरपूर बोलावे. बाकीच्या भाषा मागून येतील. लक्ष्मीबाईंनी पहाटे मांडीवर घेऊन जे केले, तेच थोडेफार इथे करायचे असते. ज्यांना इम्प्लांट चालत नाही किंवा नको असते, त्यांच्यासाठी भारतीय सांकेतिक भाषा ही पूर्ण भाषा आहे, तिच्यात शिकून मुले पुढे जातात. मूल भाषेवाचून राहता कामा नये, एवढेच खरे.

लूमवर काम करणाऱ्या बांधवांनो, आपल्यासाठी उपाय याहून सोपा आहे, पण तो आधी करायचा आहे. आठ तास ८५ डेसिबलपेक्षा मोठ्या आवाजात रोज राहिले की केसपेशी मरू लागतात. लूमच्या खात्यात आवाज बहुधा त्याहून जास्तच असतो. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, घरी आल्यावर कानात शिट्टी वाजत असेल, तर कान धोक्यात आहेत असे समजावे. कापसाचा बोळा पुरत नाही. कानात नीट बसणारे फोमचे बोळे किंवा कान झाकणारे मफ वापरावेत आणि वर्षातून एकदा ऐकण्याची तपासणी करून घ्यावी. गेलेले ऐकणे परत येत नाही, उरलेले मात्र राखता येते.

दरवर्षी ३ मार्चला जागतिक श्रवण दिन असतो, आणि महिन्याभरात, ५ एप्रिलला, रमाबाईंची पुण्यतिथी. या दोन तारखांच्या मधल्या दिवसांत आपल्या प्रत्येक घराने एक काम करावे, अशी आमची विनंती आहे. घरातल्या सर्वांत लहान आणि सर्वांत वडीलधाऱ्या माणसाचे कान तपासून घ्यावेत. लाज बाजूला ठेवावी. रमाबाईंसाठी तेव्हा कोणाजवळ काही नव्हते. आपल्या मुलांसाठी आणि आजोबांसाठी ते आज आपल्याच शहरात आहे.

पंडिता रमाबाईंच्या स्मृतीला आम्हा सर्वांचे विनम्र अभिवादन.